झाकलेल्या गाडीतला माणूस : सुन बिन

दगडफूल (धागाकर्ता)

'युद्धशास्त्र' लिहिणाऱ्या सुन त्झूचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्याच्याच घराण्यात शंभरेक वर्षांनी जन्मलेला सुन बिन मात्र मराठीत फारसा आलेला नाही. मी गेली काही वर्षं त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतो आहे. आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा.

नावापासून सुरुवात करतो. 'बिन' हे त्याचं नाव नव्हे, त्याला झालेली शिक्षा आहे. गुन्हेगाराच्या गुडघ्याच्या वाट्या काढून टाकायच्या, या शिक्षेला प्राचीन चीनमध्ये बिन म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. चोवीसशे वर्षं हा माणूस 'सुन, ज्याचे गुडघे काढले तो' एवढ्याच ओळखीवर जगतो आहे.

काळ इ.स.पू. चौथ्या शतकाचा. झाऊ घराण्याचा सम्राट नावापुरता उरलेला आणि सात मोठी राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली. आपल्या गोष्टीत त्यातली चार येतात : पूर्वेला समुद्राकडचं छी, मध्यभागी वेइ, उत्तरेला झाओ आणि लहानसं हान. एक घोटाळा आधीच सोडवून ठेवतो. छीच्या राजाचं नावही वेइ आहे. चिनी लिपीत दोन्ही अक्षरं वेगळी आहेत, आपल्याला ती सारखी ऐकू येतात. म्हणून मी 'वेइ' म्हणेन ते राज्य, आणि राजाला 'छीचा राजा' म्हणेन.

सुन बिन छी राज्यातला, आजच्या शानडोंग प्रांताच्या पश्चिम भागातला. युद्धशास्त्र शिकताना पांग जुआन त्याचा सोबती होता. पुढे पांग जुआन वेइच्या हुइ राजाकडे सेनापती झाला. आपण सुन बिनच्या पासंगाला पुरत नाही हे त्याला मनोमन माहीत होतं. त्याने सुन बिनला गुपचूप वेइमध्ये बोलावून घेतलं आणि खोट्या आरोपात अडकवलं. सिमा छियान या प्राचीन चिनी इतिहासकाराच्या ग्रंथात मात्र म्हटलंय की सुन बिनचे दोन्ही पाय तोडले आणि चेहऱ्यावर गुन्हेगाराचं गोंदण केलं. ठार का मारलं नाही? तिथेच लिहिलंय : त्याने लपून राहावं, लोकांना तोंड दाखवू नये, हा हेतू होता. ज्याच्याकडे पाहून लोक मान फिरवतील अशा माणसाचा सल्ला कोणता राजा घेईल, हा पांग जुआनचा हिशेब. मारलेल्या माणसाबद्दल हळहळ तरी वाटते. डागलेल्या माणसाबद्दल त्या काळात तीही वाटत नसे.

छीचा एक वकील (राजदूत) दालियांगला, म्हणजे वेइच्या राजधानीत आला होता. सुन बिनने त्याची चोरून भेट घेतली. बोलणं ऐकून वकील थक्क झाला आणि परतताना त्याला आपल्या गाडीत लपवून घेऊन गेला. छीचा सेनापती त्यान जी याने त्याला घरी पाहुणा म्हणून ठेवून घेतलं. शर्यतींची प्रसिद्ध गोष्ट इथलीच. त्यान जी राजपुत्रांशी मोठ्या पैजा लावून घोडे पळवायचा. घोडे तीन प्रतींचे, आणि दोन्ही बाजूंचे तोडीस तोड. सुन बिन म्हणाला, त्यांच्या उत्तम घोड्यांसमोर तुमचे सगळ्यांत कनिष्ठ घोडे सोडा, त्यांच्या मध्यमांसमोर तुमचे उत्तम, आणि कनिष्ठांसमोर तुमचे मध्यम. एक शर्यत गेली, दोन जिंकल्या. राजाकडून हजार सुवर्णाची पैज घेऊन त्यान जी घरी आला आणि सुन बिनला राजापुढे घेऊन गेला.

इ.स.पू. ३५४ मध्ये वेइने झाओच्या हानदान या राजधानीला वेढा घातला. झाओने छीकडे मदत मागितली. छीचा राजा सुन बिनलाच सेनापती करायला निघाला होता. सुन बिन म्हणाला, शिक्षा भोगलेल्या माणसाने हे पद घेणं योग्य नाही. मग त्यान जी सेनापती झाला आणि सुन बिन त्याचा सल्लागार म्हणून झाकलेल्या गाडीत बसून मोहिमेवर गेला. पांग जुआनला तो लोकांच्या नजरेआड हवा होता. तो नजरेआडच राहिला, आणि सगळं युद्ध त्याने त्या गाडीतून चालवलं.

त्यान जीला थेट हानदानवर जायचं होतं. सुन बिनचं उत्तर मला फार आवडतं. गुंता सोडवायचा तर त्यावर मुठी आपटत नाहीत, आणि मारामारी सोडवायची तर आपणही हाणायला लागत नाहीत. वेइचं निवडक सैन्य बाहेर आहे, घरी म्हातारेकोतारे उरलेत, तेव्हा सरळ दालियांगवर चला. पांग जुआन धावत परत आला आणि ग्वेइलिंगला त्याचा पराभव झाला. 'वेइला वेढून झाओला वाचवणं' हा चिनी भाषेतला वाक्प्रचार यावरूनच आलाय. दालियांग म्हणजे आजचं काइफंग. सगळी सपाट जमीन, आडोशाला डोंगर नाही. वेइने राजधानी तिथे हलवली ती इ.स.पू. ३६१ मध्ये, सात-आठ वर्षांपूर्वीच. त्या नव्या राजधानीची काळजी हुइ राजाला किती असेल, हे सुन बिनने बरोबर ओळखलं.

पुढे बारा-तेरा वर्षांनी वेइने हानवर हल्ला केला आणि छीने पुन्हा तीच वाट धरली. या वेळी पांग जुआन मागावर होता. सुन बिनने वेइच्या हद्दीत शिरल्यावर पहिल्या दिवशी एक लाख चुली मांडायला सांगितल्या, दुसऱ्या दिवशी पन्नास हजार, तिसऱ्या दिवशी तीस हजार. पांग जुआन खूश झाला. तीन दिवसांत निम्म्याहून जास्त पळाले, छीचे लोक भित्रे हे मला ठाऊकच होतं, म्हणाला. पायदळ मागे टाकून निवडक हलकी फौज घेऊन तो दुप्पट वेगाने निघाला. मालिंगची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना अडचण. सुन बिनने एका मोठ्या झाडाची साल काढून पांढऱ्या खोडावर लिहिलं, 'पांग जुआन या झाडाखाली मरेल.' दोन्ही अंगांना दहा हजार तीरंदाज बसवले आणि सांगितलं, संध्याकाळी उजेड दिसला की सोडा. पांग जुआन रात्री पोचला, काहीतरी लिहिलेलं दिसलं म्हणून मशाल पेटवली. वाचून होण्याआधी बाण सुटले. 'शेवटी त्या पोराचं नाव मीच मोठं केलं,' असं म्हणत त्याने स्वतःचा गळा चिरला. वेइचा युवराज शेन कैद झाला. हे इ.स.पू. ३४१ च्या सुमाराचं.

यानंतर सुन बिन दिसेनासा होतो. सिमा छियान एवढंच सांगतो की त्याचं नाव जगात गाजलं आणि त्याचं युद्धशास्त्र लोकांपर्यंत पोचलं. म्हातारपण, मरण, मुलंबाळं, काही नाही.

मला जे विचारायचंय ते पुढे चर्चेत येईलच. आधी तुम्ही बोला.

उत्तररात्र

सुरेख लिहिलंय. मी लहानपणी एका अनुवादित गोष्टीत वाचलं होतं की दोघांचा गुरू ग्वेइगू दरीतला एक तपस्वी होता, आणि सुन बिनने वेड्याचं सोंग घेऊन सुटका करून घेतली, डुकरांच्या गोठ्यात राहिला वगैरे. ते तुम्ही मुद्दाम गाळलंत का?

दगडफूल

हो, मुद्दाम. सिमा छियान फक्त दोघे एकत्र शिकले म्हणतो, गुरूचं नाव देत नाही. वेडाचं सोंगही त्याच्याकडे नाही. हे सगळं नंतरच्या लोककथांतून, नाटकांतून आणि मिंग काळातल्या कादंबऱ्यांतून रुजलं. लोकांना ते का हवंसं वाटलं ते कळतं, पण वकिलाच्या गाडीत लपून निघालेला, पाय गमावलेला माणूस मला पुरेसा आहे.

गणिती

शर्यतीबद्दल थोडं. मी हे उदाहरण वर्गात वापरतो. राजाचे गट क्रमाने रा१, रा२, रा३ आणि त्यान जीचे त्या१, त्या२, त्या३ धरा. प्रत्येक प्रतीत राजाचा गट किंचित सरस, पण त्या१ हा रा२ पेक्षा चांगला आणि त्या२ हा रा३ पेक्षा चांगला. जोड्या लावायच्या एकूण ६ पद्धती होतात. सहाही लिहून पाहिल्या तर त्यान जी फक्त एकीत जिंकतो, सुन बिनने सांगितलेल्या. चारांत त्याला एकेकच शर्यत मिळते आणि सरळ जोड्या लावल्या तर एकही नाही.

मूळ मजकुरात घोड्यांसाठी आलेलं अक्षर चौकडीचं, म्हणजे एका रथाला जुंपलेल्या चार घोड्यांचं आहे. म्हणजे या रथांच्या शर्यती होत्या, एकेकट्या घोड्यांच्या नव्हेत.

आणि एक गोष्ट विद्यार्थी नेहमी विसरतात. ही युक्ती चालते ती राजा आपला क्रम बदलत नाही म्हणून. त्यानेही क्रम बदलायला सुरुवात केली तर खात्री संपली. समोरचा आपल्या सवयीने चालणार, हे सुन बिनला आधी कळलं. जोड्या त्यानंतरच्या.

कोरडवाहू

मला चुलींची गोष्ट पटत नाही. एक लाख चुली? एका चुलीवर पाच माणसांचं जेवण धरलं तरी पाच लाखांची फौज होते. आणि मुरलेला सेनापती केवळ चुली मोजून फसेल? त्याचे हेर नव्हते? झाडावरचं लिखाण तर उघडच गोष्ट रंगवण्यासाठी घातलेलं वाटतं. अंधारात कुणीही दुसरी मशाल आधी पेटवली असती तर?

दगडफूल

कोरडवाहू, आकड्यांबद्दल सहमत. 'एक लाख माणसांच्या चुली' असं वाचलं तर जरा बसतं, तरी त्या काळचे आकडे जपूनच घ्यावेत. झाडाबद्दलही तुमचं बरोबर असू शकेल.

पण 'केवळ चुली मोजून' याला उत्तर त्याच मजकुरात आहे. सुन बिन आधी त्यान जीला सांगतो की वेइकडचे लोक शूर आहेत आणि छीला कमी लेखतात, छीची ख्याती भित्रेपणाची, तेव्हा ती ख्यातीच वापरू. पांग जुआनच्या मनात जे आधीपासून होतं त्याला चुलींनी दुजोरा दिला. नवं काही पटवून द्यायचं असतं तर हेर पाठवून खातरजमा केली असती. आपल्याला हवं तेच समोर आलं की कोण पडताळतं?

दुसरं, वेइच्या निवडक पायदळाचं वर्णन श्युन त्झू या तत्त्वज्ञाने केलंय. अंगावर तिहेरी चिलखत, बारा 'शी' (वजनाचं जुनं माप) ताकदीचं खटक्याचं धनुष्य, पन्नास बाण, खांद्यावर भाला, कमरेला तलवार, तीन दिवसांचा शिधा, आणि अर्ध्या दिवसात शंभर ली चाल. शंभर ली म्हणजे साधारण चाळीस किलोमीटर. ही परीक्षा उतरलेल्याच्या घराला कर माफ. अशी माणसं हाताशी असलेल्या सेनापतीला दुप्पट वेगाची चाल अवघड वाटत नाही. सुन बिन नेमका तोच धागा पकडतो : लाभाच्या मागे शंभर ली धावाल तर सेनापती गमवाल, पन्नास ली धावाल तर निम्मीच फौज पोचेल. हा सुन त्झूच्या परंपरेतलाच विचार आहे.

नदीकाठ

दहा हजार तीरंदाजांबद्दल : हे साधे धनुर्धर नव्हेत. मूळ शब्द क्रॉसबोचा आहे, कांस्याचा खटका असलेलं आडवं धनुष्य. साध्या धनुष्याची दोरी ताणून फार वेळ धरता येत नाही, हात थरथरतात. क्रॉसबो ताणून, अडकवून, बाण लावून तासभरही दबा धरता येतो. 'उजेड दिसला की सोडा' ही आज्ञा त्यामुळेच पाळता येते.

आता मोठा मुद्दा. १९७२ साली शानडोंगमधल्या लिनयी शहरात, यिनछुएशान टेकडीवर, पुढच्या हान घराण्याच्या (लहानसं हान राज्य ते वेगळं) काळातल्या दोन थडग्यांत बांबूच्या हजारो पट्ट्या सापडल्या. त्यांत सुन त्झूचं युद्धशास्त्र होतं आणि सुन बिनचंही. हान काळाच्या ग्रंथयादीत सुन बिनच्या ग्रंथाची नोंद ८९ प्रकरणांची आहे, पुढे तो हरवला. मधल्या काळात सुन त्झू आणि सुन बिन एकच की काय, असाही वाद झाला. दोन्ही ग्रंथ एकाच थडग्यात निघाले आणि तो वाद मिटला.

मला तिथली एक गोष्ट फार लागते. पट्ट्या ओवणारे दोरे कुजून गेले होते. अक्षरं आहेत, पण कोणती पट्टी कुठल्या पट्टीनंतर, ते हरवलं. १९७५ च्या आवृत्तीत सुन बिनची म्हणून ३० प्रकरणं दिली होती. १९८५ च्या आवृत्तीत ती १६ झाली, बाकीची त्याचीच आहेत याची खात्री वाटेना.

आणि पहिल्याच प्रकरणाचं नाव आहे 'पांग जुआनला पकडलं'. ते मालिंगचं नाही, ग्वेइलिंगचं आहे. म्हणजे या पट्ट्यांप्रमाणे पांग जुआन पहिल्या लढाईतच कैद झाला होता.

उत्तररात्र

मग मालिंगला मेला तो कोण?

नदीकाठ

काही अभ्यासक म्हणतात ग्वेइलिंगला पकडून तहानंतर सोडून दिला आणि तो पुन्हा सेनापती झाला. त्या काळात असं होत असे. काही म्हणतात सिमा छियानने दुसऱ्या लढाईत त्याचा मृत्यू गोष्ट पुरी व्हावी म्हणून आणला. मला पहिलं जास्त पटतं. सोडून दिलेला माणूस दुसऱ्यांदा आला असेल, तर त्याने छीच्या फौजेला भित्रं का मानलं हा प्रश्न मात्र आणखी टोचतो.

मालिंगला वेइची फौज खरंच बुडाली, याला बाहेरचा पुरावा आहे. मेन्सियस या तत्त्वज्ञाशी झालेल्या संवादात हाच हुइ राजा सांगतो, पूर्वेला छीकडून हरलो आणि माझा थोरला मुलगा त्यात गेला, पश्चिमेला सातशे ली मुलूख छिन राज्याने घेतला, दक्षिणेला छू राज्याने अपमान केला, मला लाज वाटते.

दगडफूल

नदीकाठ, तुम्ही त्या प्रकरणाचं नाव घेतलंत, तेव्हा माझा प्रश्न आता विचारतो. त्यात ग्वेइलिंगची हकिगत सिमा छियानपेक्षा वेगळी आणि जास्त कठोर आहे. दोन्ही बाजूंना ऐंशी-ऐंशी हजार फौज. सुन बिन आधी सांगतो, दक्षिणेला पिंगलिंगवर हल्ला करा. पिंगलिंग मजबूत आहे, वाट अवघड आहे, रसद तुटेल. म्हणूनच करा, म्हणजे आपल्याला युद्धातलं काही कळत नाही असं पांग जुआनला वाटेल. मग तो त्यान जीला विचारतो, शहरांच्या अधिकाऱ्यांपैकी युद्धात सगळ्यांत अडाणी कोण? दोघांची निवड होते. त्यांना पुढे धाडलं जातं आणि त्यांचा दारुण पराभव होतो. मग हलके रथ दालियांगच्या वेशीपर्यंत नेऊन हुइ राजाला डिवचायचं, फौज मुद्दाम विखरून थोडी दाखवायची. पांग जुआन सामानसुमान टाकून रात्रंदिवस धावत येतो आणि सापडतो.

हे वाचल्यावर मला शर्यत आठवली. कनिष्ठ चौकडी उत्तम चौकडीसमोर हरायलाच सोडायची. तिथे ते घोडे होते.

माजघर

मला हे कालपासून अस्वस्थ करतंय. ज्याला स्वतःला कुणीतरी अडगळीसारखं फेकून दिलं, त्यानेच माणसं निवडून हरायला पाठवली? त्यांच्यासोबत गेलेल्या साध्या शिपायांचं काय? त्यांना हा डाव माहीत नसणारच, माहीत असता तर चालला नसता.

गणिती

सेनापतीला हा हिशेब करावाच लागतो. सगळी फौज हानदानला नेली असती तर दोन तुल्यबळ सैन्यं भिडून कितीतरी जास्त मेले असते.

माजघर

मान्य. पण जे गेले त्यांच्या बाजूनेही एकदा बघा. हरण्यासाठी अडाणी माणूस शोधणं, ही त्यातली गोष्ट मला सोसवत नाही.

दगडफूल

मलाही त्याचं उत्तर मिळालेलं नाही. एवढंच सांगतो की त्याच पट्ट्यांत त्याचं वाक्य आहे : आकाश आणि पृथ्वी यांच्या मध्ये माणसाहून मोलाचं काही नाही. आणि छीच्या राजाला तो सांगतो, ज्याला युद्धाची गोडी लागते तो नाश पावतो, विजयातून लाभ शोधणारा अपमानित होतो. ही वाक्यं पिंगलिंगच्या आधीची की नंतरची, ते पट्ट्या सांगत नाहीत. माझं मन म्हणतं नंतरची असावीत.

पायवाट

मी युद्धाबद्दल काही सांगू शकत नाही, नावाबद्दल सांगते. माझ्या आजोबांच्या भावाचा पाय तरुणपणी गिरणीत यंत्रात गेला. गावात त्यांना शेवटपर्यंत 'लंगडे तात्या' म्हणत. प्रेमाने म्हणत, पण म्हणत. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्यांच्या दहाव्याच्या पत्रिकेवर. ते गावातल्या सगळ्यांचे जमिनीचे कागद वाचून समजावून द्यायचे, तालुक्याला जाणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. 'बिन हे नाव नव्हे, शिक्षा आहे' हे तुमचं वाक्य वाचून मी बराच वेळ पुढे सरकले नाही.

उत्तररात्र

पायवाट, धन्यवाद हे लिहिल्याबद्दल.

यावरून सांगावंसं वाटतं. ही गोष्ट आपल्यापर्यंत आणणारा सिमा छियान स्वतः शिक्षा भोगलेला होता. शत्रूला शरण गेलेल्या एका सेनानीची बाजू दरबारात घेतली म्हणून सम्राट वू रागावला आणि सिमा छियानचं पौरुष काढून घेतलं गेलं. प्रतिष्ठित माणसं अशा वेळी आत्महत्या करत. तो जगला, हाती घेतलेला इतिहास पुरा करायचा म्हणून. रेन आन या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो दुःखातून ग्रंथ लिहिणाऱ्यांची यादी देतो. त्यात एक ओळ आहे : सुन त्झूचे पाय गेले आणि युद्धशास्त्र रचलं गेलं. तिथला सुन त्झू म्हणजे सुन बिन. पांग जुआनच्या तोंडचे शेवटचे शब्द, झाड, मशाल, यांत सिमा छियानने रंग भरला असेल तर तो कुठून आला ते मला समजतं.

कोरडवाहू

चुलींवर मी शंका घेतली होती, म्हणून आणखी वाचलं. पूर्व हान काळात यू श्यू नावाचा अधिकारी छियांग टोळ्यांच्या मुलखातून थोडी फौज घेऊन निघाला होता, टोळ्या मागावर होत्या. त्याने रोज चुली दुप्पट करायला लावल्या. कुणीतरी विचारलं, सुन बिनने तर कमी केल्या होत्या? तो म्हणाला, सुन बिनला दुबळं दिसायचं होतं, मला बलवान दिसायचंय. कुमक येते आहे असं वाटून टोळ्या मागे राहिल्या. म्हणजे चुली मोजणं ही सेनापतींची खरीच सवय होती. माझा आक्षेप आकड्यापुरता ठेवतो.

नदीकाठ

दगडफूल, त्यान जीचं पुढे काय झालं तेही लिहा ना. बऱ्याच जणांना माहीत नसेल.

दगडफूल

छीचा प्रधान झोउ जी आणि त्यान जी यांचं वैर होतं. झोउ जीने आपल्या माणसाला बाजारात एका ज्योतिष्याकडे पाठवलं आणि त्यान जीच्या नावाने, 'आम्ही मोठं काम करणार आहोत, शकुन बघा' असं विचारायला लावलं. मग ज्योतिष्यालाच पकडून साक्ष काढली. त्यान जी छू राज्यात पळाला. एका जुन्या संग्रहात असं आहे की सुन बिनने त्याला आधीच सुचवलं होतं, विजयी फौज न मोडता राजधानी लिनझीवर चला, नाहीतर परत जाता येणार नाही. त्यान जीने ऐकलं नाही. सुन बिनचं बोलणं त्याने मोडलेला हा एकच प्रसंग मला सापडतो.

माजघर

एक विचारायचं राहिलं. पिंगलिंगला पाठवलेल्या त्या दोघांची नावं काय होती?

नदीकाठ

पट्टीवर माणसांची नावं नाहीत. ते ज्या शहरांचे अधिकारी होते त्या शहरांची आहेत. छीचेंग आणि गाओतांग.